अमर वाघ आणि न उठणारी रानकोंबडी

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका दाट रानात एक वाघ राहत असे आणि तो मरतच नसे. म्हाताराही होत नसे. मोठमोठी झाडं वठली, ओढ्याने आपली वाट बदलली, गव्यांचे कळप आले आणि गेले, पण वाघ होता तसाच राहिला. तीच पिवळीधमक कातडी, तेच पांढरेशुभ्र दात आणि तीच दरी हादरवणारी डरकाळी.

यामागचं कारण डोंगराच्या पोटात दडलेलं होतं. तिथल्या एका गुहेत काळ्याशार पाण्याचा डोह होता. एखादं जिवंत, ऊबदार अंडं त्या डोहात सोडायचं आणि मग ते पाणी प्यायचं. अंड्यातल्या पिल्लाच्या वाट्याला जेवढं आयुष्य आलं असतं, ते सगळं पिणाऱ्याच्या अंगात उतरत असे. पिल्लू मात्र जन्मालाच येत नसे. अंडं दगडासारखं थंड होऊन तळाला जाई.

सुरुवातीला वाघाने वर्षाला एक अंडं मागितलं. पाखरांना वाटलं, एवढं मोठं रान, एवढी घरटी, त्यातलं एक गेलं तर काय बिघडलं? पण पाखराचं आयुष्य ते केवढंसं! तेवढ्याने वाघाचं किती दिवस भागणार? मग तो दर घरट्यातलं एक अंडं मागू लागला. पुढे दोन. पुढे सगळीच. पोटाची भूक खाल्ल्यावर शमते, पण आयुष्याची हाव तशी नसते. ती जितकं द्यावं तितकी वाढते.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. रानातली पाखरं म्हातारी झाली. त्यांची अंडी घालायची वयं सरली. सकाळ झाली की पूर्वी झाडाझाडातून पिल्लांचा कलकलाट ऐकू येई, तो बंद झाला. घरटी रिकामी लोंबत राहिली. आणि गंमत अशी, की याची सगळ्यांना सवय झाली. हरणं म्हणत, "पाखरांचं ते पाखरं बघतील." पाखरं म्हणत, "वाघापुढे कोणाचं काय चालतंय?"

त्या रानात एक रानकोंबडी होती. सगळ्यांत शेवटी जन्मलेलं पाखरू तेच. तिच्या आईने कळकाच्या म्हणजे बांबूच्या बेटात असं काही अडचणीत अंडं घातलं होतं, की ते वाघाच्या माणसांना सापडलंच नाही. माणसांना म्हणजे अर्थातच कोल्ह्याला. रानकोंबडी आता मोठी झाली होती, तरी तिच्यानंतर दुसरं कोणी जन्मलंच नसल्यामुळे सगळं रान तिला अजून "पोरी" अशीच हाक मारी. तिने स्वतः कधी पिल्लू पाहिलं नव्हतं. पिल्लू कसं दिसतं, काय खातं, कसं ओरडतं, हे तिला कोणी सांगितलंही नव्हतं. बाकीच्यांना ते आठवायला नको वाटे.

एके वर्षी पांगारा लालभडक फुलला होता. त्या दिवसांत रानकोंबडीने करवंदाच्या जाळीखाली, वाळक्या पानांच्या खळग्यात आपलं पहिलं अंडं घातलं. ती त्यावर बसली. बसून बसून पाय अवघडले, तरी बसली. आणि एका सकाळी पोटाखाली काहीतरी हललं. अगदी जरासं. रानकोंबडी श्वास रोखून थांबली. पुन्हा हललं.

"आत कोणीतरी आहे!" ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिच्या अंगावरचं पीस न पीस उभं राहिलं.

त्याच दिवशी कोल्हा आला. कोल्हा हा वाघाचा कारभारी. वाघ पिऊन झाला की डोहाच्या पाण्याचा शेवटचा घोट त्याला मिळे, त्यामुळे तोही वर्षानुवर्षं तसाच तुळतुळीत राहिला होता. वागायला मात्र फार अदबशीर. जाळीबाहेर बसून, शेपटी पायांभोवती गुंडाळून घेत तो म्हणाला, "कोंबडीबाई, बऱ्या आहात ना? महाराजांनी तुमची आठवण काढलीये. यंदा सगळ्या रानात एकच अंडं, आणि ते तुमचं! केवढा मान!"

"कसला मान?"

"महाराजांच्या अंगात जाण्याचा! अहो, तुमचं पिल्लू जन्माला येऊन काय करणार? चार दिवस किडे वेचणार आणि एखाद्या मुंगसाच्या पोटात जाणार. त्यापेक्षा ते महाराजांच्या रूपाने कायमचं जगेल. तेव्हा तुम्ही जरा उठा, पाय मोकळे करा, ओढ्यापर्यंत जाऊन या. बाकीचं आम्ही बघतो."

रानकोंबडीने त्याच्याकडे आधी एका डोळ्याने पाहिलं. मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

कोल्ह्याने कान टवकारले. हा शब्द त्याने इतक्या वर्षांत ऐकला नव्हता, त्यामुळे आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली असं त्याला वाटलं. "काय म्हणालात?"

"मी उठणार नाही."

"बरं, मग उन्हं उतरल्यावर येऊ का?"

"तेव्हाही नाही."

कोल्हा हसला, वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. तो दिसेनासा झाल्यावर रानकोंबडीचे पाय थरथरू लागले. बरं झालं, ते पोटाखाली होते, म्हणून कोणाला दिसले नाहीत.

ही बातमी ऐकून तिचा कोंबडा धावत आला. त्या रानातला तो एकुलता एक कोंबडा, तिच्याहून वयाने पुष्कळ मोठा. त्याच्या तुऱ्याचा रंग उडाला होता आणि आरवताना त्याला मध्येच खोकला येई.

"अगं, तू हे काय बोलून बसलीस?" तो म्हणाला. "उठ आधी. पुढच्या वर्षी दुसरं घालू."

"पुढच्या वर्षी तो दुसरं मागेल."

"तो मारेल आपल्याला."

"मारेल."

"मग? मग काय करशील?"

"मग काही करायला मी नसेनच. पण उठलेली नसेन, एवढं खरं. अहो, तुम्ही जरा इथे कान लावून बघा. आत कोणीतरी आहे."

कोंबड्याने कान लावला नाही. तो मान खाली घालून निघून गेला. रानकोंबडीला रडू आलं, पण रडताना अंग हलतं आणि अंग हललं तर अंड्याला वारा लागेल, म्हणून ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी कोल्हा पुन्हा आला. या वेळी त्याच्याबरोबर एक नाग होता आणि एक म्हातारा पोपट होता.

"कोंबडीबाई," कोल्हा म्हणाला, "काल मी तुमच्या फायद्याचं बोललोच नाही, माझं चुकलं. महाराज तुम्हालाही डोहाच्या पाण्याचा एक घोट देणार आहेत. आज जेवढ्या तरुण आहात तेवढ्याच कायम राहाल."

"राहून काय करू?"

"काय करू म्हणजे? जगा!"

"ते तर मी आत्ताही करतेच आहे," रानकोंबडी म्हणाली.

कोल्ह्याने घसा साफ केला. "बरं, ते पाणी नको असेल तर या नागोबांना विचारा. दरवर्षी कात टाकायची आणि नवं व्हायचं. तुम्हाला ते ही विद्या शिकवतील. मरणाचं नावच नको."

रानकोंबडी नागाकडे वळली. "नागोबा, खरं सांगा. कात टाकली की आतलं जुनं दुखणं जातं का हो?"

नागाने जीभ आत घेतली आणि थोडा विचार केला. "नाही," तो म्हणाला. "दुखणं आहे तिथेच राहतं. वरून चकाकी येते एवढंच." कोल्ह्याने डोळे वटारताच तो निमूटपणे पालापाचोळ्यात शिरला.

"जाऊ द्या त्याला!" कोल्हा घाईने म्हणाला. "हे पोपटराव बघा. ते तुमचा आवाज हुबेहूब उचलतील. तुम्ही गेल्यावरही तुमचे बोल या रानात घुमत राहतील. पोपटराव आपल्या मुलांना शिकवतील, मुलं नातवंडांना शिकवतील. आवाजाने तुम्ही अमर!"

"पोपटरावांची मुलं?" रानकोंबडीने विचारलं. "ती कुठे आहेत? त्यांची अंडी तर तुम्ही डोहात टाकलीत."

पोपटाने फांदीवर पाठ फिरवली. कोल्हा त्याला डिवचत म्हणाला, "अरे, बोलून दाखव की त्यांच्या आवाजात!"

पोपटाने मान वर केली, गळा फुगवला आणि थेट रानकोंबडीच्या आवाजात ओरडला, "नाही! मी उठणार नाही!"

"हे नको, दुसरं काहीतरी!" कोल्हा खेकसला.

पण पोपटाला एवढंच आवडलं होतं. तो भुर्रकन उडाला आणि साऱ्या रानभर ओरडत फिरला, "नाही! मी उठणार नाही! मी उठणार नाही!" पाणवठ्यावर हरणांनी ते ऐकलं. चिखलात लोळणाऱ्या डुकरांनी ऐकलं. रिकाम्या घरट्यांपाशी बसलेल्या पाखरांनी ऐकलं आणि त्यांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

वाघानेही ते ऐकलं.

भर दुपारी तो आला. तो येतोय हे रानाला आधीच कळलं होतं. वानरं शेंड्यांवर चढली, हरणं पांगली, झाडांवरचे किडेसुद्धा गप्प झाले. वाघ जाळीपुढे उभा राहिला आणि त्याने अशी डरकाळी फोडली, की करवंदाची कच्ची फळं टपटप खाली पडली. रानकोंबडीने डोळे घट्ट मिटून घेतले. आता संपलं, असं तिला वाटलं. थोड्या वेळाने तिने एक डोळा उघडला. वाघ समोरच होता आणि ती अजून जिवंत होती.

"उठ!" वाघ म्हणाला.

"नाही, महाराज."

वाघाने पंजा उचलला. रानकोंबडी त्या एका पंज्याखाली सहज झाकली गेली असती. तेवढ्यात कोल्हा मागून किंचाळला, "महाराज, नको! महाराज, थांबा!"

पंजा हवेतच थांबला. रानकोंबडी चकित झाली. कोल्ह्याने आजवर कोणाच्याही मरणाची पर्वा केली नव्हती. मग आज त्याला आपली एवढी दया का यावी? तिने वाघाकडे पाहिलं, कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्ह्याचं ते गोड बोलणं आठवलं. ते "जरा उठा", "पाय मोकळे करा", ते घोट आणि कात आणि पोपट. ज्याला हिसकावून घेता येतं तो कशाला एवढ्या विनवण्या करेल?

"तुम्हाला हिसकावता येत नाही!" ती मोठ्याने म्हणाली.

वाघाने उचललेला पंजा खाली टेकवला. कोल्ह्याने नजर वळवली.

मुलांनो, तिचा अंदाज खरा होता. फार पूर्वी वाघाने एका घारीला मारून तिचं अंडं पळवलं होतं. ते डोहात सोडून पाणी प्यायला, तर पोटात नुसती आग झाली आणि त्याच्या मिशा झडल्या. आई ज्या अंड्यावरून आपणहून उठते, तेच अंडं डोहाला चाले. इतकी वर्षं सगळ्या पाखरांना वाटत होतं की कोल्हा स्वभावाने गोड आहे. आपण उठलो नाही तर वाघाला काहीच मिळत नाही, हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण न उठता कोणी पाहिलंच नव्हतं.

वरच्या फांदीवरून पोपट ओरडला, "हिसकावता येत नाही! हिसकावता येत नाही!"

वाघाने दात खाल्ले. "ठीक आहे," तो म्हणाला आणि तिथेच जाळीपुढे बसला. "मी इथून हलत नाही. तुला भूक लागेल, तहान लागेल. ओढ्यावर जायला तरी उठशीलच. आणि सगळ्यांनी ऐका! हिला जो दाणापाणी देईल त्याची मी हाडं मोडीन."

असा तो वेढा सुरू झाला. एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला रानकोंबडी, मध्ये करवंदाचे काटे. ऊन तापलं होतं. चोचीला लागतील तेवढ्या मुंग्या रानकोंबडीने टिपल्या आणि मग मुंग्यांनी वाट बदलली. तिचा घसा कोरडा पडला. डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. अंडं मात्र तिने फिरवून फिरवून सगळीकडून ऊबदार ठेवलं.

एका सकाळी झुडपात सळसळ झाली आणि कोंबडा बाहेर आला. त्याच्या चोचीत वारुळातून नुकतीच उकरलेली वाळवी होती. वाघाला पाहून तो जागच्या जागी थिजला. वाघ गुरगुरला. कोंबड्याच्या चोचीतून वाळवी खाली पडली. कोंबडा वळला, दोन पावलं पळाला आणि थांबला. मग परत आला. पडलेली वाळवी त्याने वेचून घेतली आणि वाघाच्या नाकासमोरून तो जाळीत शिरला.

"खा लवकर," तो म्हणाला. "मला फार वेळ शूर राहता येणार नाही."

रानकोंबडीने खाल्लं. मग कोंबड्याने हळूच तिच्या पंखाखाली मान घातली आणि अंड्याला कान लावला. बराच वेळ तो तसाच राहिला.

"आहे," तो म्हणाला. "खरंच कोणीतरी आहे."

वाघ उठून त्याची हाडं मोडणार होता, पण उठताना त्याच्या गुडघ्यातून कळ आली. त्याने आपल्या पंज्याकडे पाहिलं. पंज्यावरचे केस पांढरे झाले होते. इतकी वर्षं दाराबाहेर थोपवून धरलेलं म्हातारपण आता आत शिरत होतं आणि घाईने शिरत होतं.

कोल्ह्याच्या हे लक्षात आलं. त्याच्याही थोबाडावर पांढरे केस दिसू लागले होते. तो घाबरला आणि त्या भरात त्याने एक मोठी चूक केली. लांबून बघत उभ्या असलेल्या हरिणीकडे तो धावला आणि म्हणाला, "तुम्ही तरी हिला समजवा! एवढं एक अंडं मिळालं नाही, तर महाराजांना उद्या तुमच्या पाडसांकडे वळावं लागेल. आमचं ते आधीच ठरलेलं आहे!"

हरिणीचे कान ताठ झाले. "ठरलेलं आहे?"

"म्हणजे, पाखरांची अंडी संपल्यावर डोहाला दुसरं काहीतरी लागणारच ना..."

हरिणीने पुढचं ऐकलं नाही. ती ओढ्यावर गेली, कोवळं गवत तोडून पाण्यात बुडवलं आणि ते निथळतं गवत तोंडात धरून परत आली. तिने ते रानकोंबडीच्या पुढ्यात ठेवलं.

"पी, पोरी," हरिणी म्हणाली. "इतके दिवस आम्ही लांबून बघत बसलो."

तिच्यामागून साळू आली आणि आपले काटे वाघाकडे करून जाळीच्या तोंडाशी बसली. मग म्हातारी लांडोर आली. तिची कितीतरी अंडी डोहाच्या तळाशी होती. ती गेल्यापासून तिने तोंडच उघडलं नव्हतं; आताही ती नुसती रानकोंबडीवर सावली धरून उभी राहिली. रानडुकराने मुळं उकरून आणली. बघता बघता अर्धं रान त्या जाळीभोवती गोळा झालं.

वाघ रोज म्हातारा होत होता. त्याची कातडी लोंबू लागली, डोळ्यांवर साय आली, पुढचा दात हलू लागला. तरी तो हलेना. सगळं आयुष्य ज्याने दुसऱ्यांना उठवलं, त्याला स्वतःला उठून जाणं ठाऊक नव्हतं.

एका दुपारी तो रानकोंबडीला म्हणाला, "तू तरी कुठे कायम राहणार आहेस? मरशीलच."

"मरेन."

"तुझं पिल्लूही मरेल."

"मरेल."

"मग या सगळ्याचा उपयोग काय? दोन्हीकडून मरणच असेल, तर ते आयुष्य माझ्या पोटात गेलं काय आणि न गेलं काय!"

"उपयोग बघायचा तर त्याला आधी बाहेर येऊ द्या," रानकोंबडी म्हणाली. "त्याच्या आयुष्याचं काय करायचं ते त्याचं ते ठरवेल. मुंगसाने खाल्लं तर खाल्लं. मुंगूस भुकेलं असतं, एकदा खातं आणि निघून जातं. तुम्ही जातच नाही."

वाघाने हनुवटी पंज्यांवर टेकली. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला भीती वाटते."

"मलाही वाटते," रानकोंबडी म्हणाली. "गेले कितीतरी दिवस तुम्ही माझ्या पुढ्यात बसला आहात, मला कशी वाटणार नाही? पण भीती वाटते म्हणून मी कोणाचं लेकरू प्यायले नाही, वाघोबा."

कोल्ह्याने दचकून पाहिलं. त्या वाघाला "महाराज" सोडून दुसरं काही म्हणणारं त्या रानात कोणी नव्हतं. पण वाघाने मान वर केली नाही.

आणि मग एका भर दुपारी, ऊन माथ्यावर असताना, टक् असा आवाज झाला. सगळे कान देऊन ऐकू लागले. टक्. टक्. टक्. रानकोंबडीने पोटाखाली पाहिलं. अंड्याला तडा गेला होता आणि तड्यातून तांदळाच्या कणीएवढी चोच बाहेर आली होती. ती थांबली, पुन्हा टोचू लागली. रानकोंबडीला वाटलं, आपण मदत करावी. पण मदत करायची की नाही हे सांगायला तिची आई नव्हती. मग म्हातारी लांडोर म्हणाली, "थांब पोरी. त्याचं त्याला फोडू दे." तिचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकून सगळे चमकले.

टरफल फुटलं. आतून एक ओला, चिकट, वेडावाकडा गोळा बाहेर पडला आणि चिवचिवला.

"हे असं असतं होय!" रानकोंबडी म्हणाली.

आणि मग, सगळं रान बघत असताना, ती उठली. पाय अवघडल्यामुळे ती पडणारच होती, कोंबड्याने तिला सावरलं. आता उठायला काहीच हरकत नव्हती.

कोल्ह्याने ही संधी साधली. सगळे पिल्लाकडे बघत असताना त्याने फुटक्या टरफलाचा तुकडा तोंडात धरला आणि गुहेकडे धूम ठोकली. त्याने टरफल डोहात सोडलं आणि तो पोट टम्म फुगेपर्यंत पाणी प्यायला. ते नुसतं पाणी होतं. उलट इतक्या थंड पाण्याने त्याला शिंका तेवढ्या आल्या.

इकडे पिल्लू अंग वाळल्यावर तुरुतुरु चालू लागलं. त्याला कोणाची ओळख नव्हती, त्यामुळे कोणाची भीतीही नव्हती. ते थेट वाघाच्या पंज्यापाशी गेलं आणि त्यावर बसलेली माशी त्याने टिपली. रानकोंबडीने ते पाहिलं मात्र, ती पिसं फुलवून धावली. पण वाघाने पंजा हलवला नाही. त्याने किती वर्षांत पिल्लू पाहिलं नव्हतं, तेही त्याला आठवत नव्हतं.

"एवढंसंच असतं?" त्याने विचारलं.

"एवढंसंच," रानकोंबडी म्हणाली आणि पिल्लाला पंखाखाली घेऊन मागे सरली.

उन्हं उतरायच्या आत वाघ मेला. ज्या जागी बसला होता, तिथेच. कोणी आनंदाने नाचलं नाही आणि कोणी रडलंही नाही. म्हाताऱ्या लांडोरीने एकदा त्याच्याभोवती फेरी मारली, त्याच्या मिटल्या डोळ्यांकडे नीट पाहून घेतलं आणि ती आपल्या झाडावर जाऊन बसली.

चार दिवसांनी कोल्हा आला. त्याचं अंग झडलं होतं, पाठ वाकली होती, पण अदब होती तशीच होती.

"कोंबडीबाई," तो म्हणाला, "आता या रानाला कोणी धनी उरला नाही. सगळे तुमचंच ऐकतात. डोह अजून तिथेच आहे. तुम्ही त्या वाघासारख्या हावरट थोड्याच आहात? वर्षाला एकच अंडं घ्या. सगळे तुम्हाला खुशीने देतील. विचार करा, तुमच्यासारखी शूर, शहाणी राणी कायमची लाभली तर या रानाचं केवढं भलं होईल! आणि मला काय, शेवटचा एखादा घोट पुरे."

रानकोंबडीने मान वळवून डोंगरातल्या गुहेकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, मुलांनो, एक क्षण तिलाही ते बोलणं गोड लागलं. पंखाखालचं पिल्लू उबेला झोपलं होतं आणि त्याला मोठं झालेलं, त्याच्या पिल्लांना मोठं झालेलं, सगळं सगळं बघावं असं कोणत्या आईला वाटणार नाही?

मग ती एका उंच दगडावर चढली आणि तिने गव्यांना हाक मारली. "गवेदादा, त्या गुहेत मावतील तेवढे दगड ढकला! डोह पार बुजवून टाका."

"अहो, हे काय करता!" कोल्हा ओरडला. "आज तुम्ही तरुण आहात म्हणून हे सुचतंय. उद्या मरण समोर उभं राहिलं की पस्तावाल!"

"पस्तावेनही," रानकोंबडी म्हणाली. "म्हणूनच आज बुजवते."

गव्यांनी शिंगं लावली. डुकरांनी माती उकरली. साळूने दगडांच्या फटीत बारीक खडे सारले. संध्याकाळी जिथे गुहेचं तोंड होतं तिथे दगडांची रास उभी राहिली आणि पोपट तिच्यावर बसून जोरजोराने ओरडत राहिला.

पुढच्या वर्षी पलीकडच्या डोंगरातून एक तरणा वाघ त्या रानात आला. वाघ तो वाघच. तो शिकार करू लागला, हरणं पळू लागली, वानरं शेंड्यांवरून खाकरून सगळ्यांना सावध करू लागली. रानकोंबडीचं पिल्लू तोवर चांगली तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, झालं होतं. एके दिवशी झुडपाआडून वाघाचे पट्टे दिसले आणि मायलेकी फडफडत ऐनाच्या फांदीवर जाऊन बसल्या. तलंग धापा टाकत म्हणाली, "आई, मी फार भ्यायले गं."

"भ्यायचंच," रानकोंबडी म्हणाली. "त्याला पाहिलंस की भी, पळ, झाडावर चढ. पण अंड्यावर बसशील, आणि कोणी येऊन गोड बोलून म्हणेल की जरा उठा, पाय मोकळे करा, तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"तेव्हा बसून राहा."

तात्पर्य : दुसऱ्याच्या वाट्याचं आयुष्य पिऊन जो अमर होतो, त्याच्या अंगात आपण देऊ तेवढंच बळ असतं. ज्या दिवशी एखादं लहानसं पाखरूही "नाही" म्हणून आपल्या जागी बसून राहतं, त्या दिवसापासून तो म्हातारा होऊ लागतो.